नकाशावरची लाल रेघ कोण ओढतो? कंबोडियातील भूसुरुंग, माहिती आणि गावकारभारी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

आवाज सगळ्यांना नीट येतोय ना? मग सुरुवात करू या.

२०१६ च्या मार्च महिन्यात पुण्यात औंधच्या लष्करी ठाण्यात ‘फोर्स १८’ नावाचा एक बहुराष्ट्रीय सराव झाला. आसियानचे दहा देश आणि त्यांच्याबरोबर भारत, अमेरिका, चीन, रशिया, जपान वगैरे आठ, असे अठरा देश. भारतीय तुकडीचे नेतृत्व सोफिया कुरेशी यांच्याकडे होते, हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. पण त्या सरावाचा विषय काय होता, हे फारसे कुणाला आठवत नाही. विषय दोन होते. एक शांतिसेनेचे काम, आणि दुसरा मानवतावादी भूसुरुंग निर्मूलन.

यातला ‘मानवतावादी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लढाई चालू असताना सैन्य सुरुंग काढते ते पुढे जायला वाट मिळावी एवढ्यापुरते. बाजूला शंभर राहिले तरी त्या घडीला चालते. युद्ध संपल्यावर शेतकऱ्याला वाट नको असते, अख्खे शेत हवे असते. त्याची म्हैस कुठेही चरणार, पोर कुठेही धावणार. म्हणून इथे जमिनीचा प्रत्येक तुकडा तपासावा लागतो.

या कामाचे फोटो आपण पाहिलेले असतात. तोंडावर जाड पारदर्शक ढाल, हातात डिटेक्टर, गुडघ्यावर बसलेला माणूस. पण त्या माणसाला याच शेतात का बसवले, शेजारच्या शेतात का नाही, हे ज्या कागदाने ठरवले तो कागद फोटोत येत नाही. आज आपण त्या कागदाबद्दल बोलणार आहोत. उदाहरण घेऊ कंबोडियाचे, कारण या कामाचा तिथला अनुभव तीस वर्षांहून जास्त आहे, आणि त्यात यशही आहे, चुकाही आहेत.

रेघ चुकली तर काय होते?

समजा, नकाशावर एका माळरानाभोवती लाल रेघ ओढली आहे. आत धोका, बाहेर सुरक्षित. ही रेघ दोन तऱ्हेने चुकू शकते.

पहिली तऱ्हा म्हणजे सुरुंग रेघेच्या बाहेर राहिले. मग कुणाचा तरी पाय जाईल, कुणाचा जीव जाईल. ही चूक सगळ्यांना कळते.

दुसरी तऱ्हा कमी दिसते. रेघेच्या आत सुरुंग नाहीतच, पण जमीन ‘संशयित’ म्हणून नोंदली गेली. मग ती जमीन वर्षानुवर्षे पडून राहते, किंवा उपाशी शेतकरी ती नाइलाजाने कसतो आणि रोज भीत भीत नांगर धरतो. शिवाय सुरुंग काढणारे पथक महिनोन्‌महिने रिकाम्या जमिनीत खपते आणि खरी धोक्याची जमीन रांगेत मागे पडते. म्हणजे ही चूकसुद्धा जीव घेते, फक्त दुसऱ्या गावात.

तेव्हा माहितीचे व्यवस्थापन हा इथे कचेरीतला कोरडा विषय नाही, हे आधी मनात पक्के करू या.

कंबोडियात हे आले कुठून?

१९७९ मध्ये ख्मेर रूजची राजवट कोसळली, पण लढाई थांबली नाही. त्यांचे गनिम थायलंडच्या सीमेवरून लढत राहिले. त्यांना अडवण्यासाठी १९८० च्या दशकाच्या मध्यावर सीमेला समांतर शेकडो किलोमीटरचा अडथळ्यांचा पट्टा उभारला गेला. त्याचे नाव के-५. झाडे तोडली, खंदक खणले, सुरुंग पेरले. पुढे सगळ्याच बाजू पेरत राहिल्या. कुणी कुठे पेरले याची नोंद बऱ्याच ठिकाणी झालीच नाही. देशाच्या पूर्व भागात दुखणे वेगळे आहे. तिथे अमेरिकेच्या बॉम्बफेकीतले न फुटलेले बॉम्ब जमिनीत आहेत.

१९९१ मध्ये शांतता करार झाला. पुढच्या दोन वर्षांत थायलंडच्या छावण्यांतून साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित परत आले. त्यांना जमीन हवी होती. आणि रिकामी जमीन कुठली होती? जिथे सुरुंग होते तीच. बट्टंबाँग, बांतेय मीनचेय, पैलिन या वायव्येकडच्या प्रांतांत नेमके हेच झाले. १९९६ या एका वर्षात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे ४,३२० जण मेले किंवा जखमी झाले. १९७९ पासूनचा एकूण आकडा सुमारे ६५,००० आहे आणि त्यांतले जवळपास २०,००० दगावले.

१९९२ मध्ये ‘कंबोडियन माइन अॅक्शन सेंटर’ सुरू झाले. इतर संस्था आल्या. २००० मध्ये सरकारने या सगळ्यांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र प्राधिकरण नेमले. जो सुरुंग काढतो त्यानेच ‘काम बरोबर झाले’ असा शेरा मारायचा, हे चालणार नव्हते, म्हणून हे वेगळे केले.

एका नोंदीचा प्रवास

आता बघा, एक नोंद कशी तयार होते. ती तीन पायऱ्यांनी जाते.

पहिल्या पायरीला बिगरतांत्रिक सर्वेक्षण म्हणतात. जमिनीत पाय न ठेवता माहिती गोळा करायची. गावकऱ्यांना विचारायचे, जुने सैनिक शोधायचे, कुठे स्फोट झाला, कुठे जनावर मेले ते टिपायचे. दुसरी पायरी तांत्रिक सर्वेक्षणाची. यंत्र, कुत्रे किंवा माणूस प्रत्यक्ष आत जाऊन सुरुंगांची रांग खरोखर कुठे आहे ते तपासतो. तिसरी पायरी सफाईची. या तीनही पायऱ्यांवर जमीन ‘मोकळी’ करता येते. पुरावा नसेल तर पहिल्याच पायरीवर तिच्यावरचा संशय काढून टाकता येतो. यामुळे केवढा पैसा वाचतो बघा. एक चौरस मीटरही न खणता काही हेक्टर जमीन शेतकऱ्याला परत मिळू शकते. अट एकच, पहिली माहिती चोख हवी.

ही माहिती साठवायला एक संगणकप्रणाली आहे. जिनिव्हात १९९८ मध्ये मानवतावादी सुरुंग निर्मूलनासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याने ती बनवून घेतली आणि १९९९ मध्ये पहिल्यांदा कोसोव्होत वापरली. तिचे नाव ‘इम्स्मा’. पुढे ती अनेक देशांत गेली. आपल्या सातबाऱ्यावर जसा जमिनीचा मालक, पीक, बोजा दिसतो, तसा इथे जमिनीचा धोका दिसतो. संशय कुणी नोंदवला, कधी, कशाच्या आधारावर, काय सापडले, कुणाच्या ताब्यात दिली, सगळे.

प्रणाली चांगली आहे. पण ती फक्त विचारलेले साठवते. विचारायचे काम माणसाचे.

गोव्याहून मोठा संशय

इथे कंबोडियाची सर्वांत शिकण्यासारखी चूक येते. २००० ते २००२ या काळात देशभर पहिले मोठे सर्वेक्षण झाले. निष्कर्ष काय निघाला? सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर जमीन संशयित आणि देशातली जवळपास निम्मी गावे बाधित. अख्ख्या गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे गोव्याहून मोठी जमीन लाल रंगात.

पुढच्या काही वर्षांत लक्षात आले की यातल्या बऱ्याच जमिनीत लोक शेती करत आहेत. काही ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतःच, काठी आणि कुदळ घेऊन, जीव धोक्यात घालून सुरुंग काढले होते. त्याची नोंद कुठेच नव्हती. उलट, रेघेच्या बाहेरही सुरुंग सापडत होते. म्हणजे रेघ एकाच वेळी दोन्ही तऱ्हांनी चुकली होती.

असे का झाले? यात कुणाचा हलगर्जीपणा होता असे आम्हाला वाटत नाही. कमी वेळात सगळा देश पाहायचा होता. सर्वेक्षक गावात येई, मुखियाला आणि चार जाणत्यांना विचारी, सुरक्षित जागेवरून हात करून दाखवलेली जमीन नकाशावर उतरवी. आता मुखियाच्या जागी आपण असतो तर? बाहेरून माणूस आला आहे, मदत आणू शकतो. आपण धोका कमी सांगू का? शिवाय संशय नोंदवणे सोपे असते. पुसायला धाडस लागते, कारण पुसल्यावर स्फोट झाला तर जबाबदार कोण?

२००९ पासून नवे पायाभूत सर्वेक्षण तालुक्यातालुक्याने सुरू झाले. आधी सर्वाधिक बाधित २१ तालुके, मग बाकीचे. यावेळी मोठे डाग न काढता लहान, नेमके बहुभुज काढले. सुरुंगांची दाट रांग आहे की विखुरलेले आहेत, माणसाविरुद्धचे आहेत की रणगाड्याविरुद्धचे, असे प्रकारही नोंदले.

एक बारीक गोष्ट सांगतो, तिचा आपल्याशी संबंध आहे. कंबोडियाचे जुने नकाशे ज्या मापावर बेतले होते त्याला ‘इंडियन १९६०’ म्हणतात. त्याच्या मुळाशी आहे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारताच्या मोजणीसाठी १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीचा आकार. आजचे जीपीएस वेगळे माप वापरते. एकाच बिंदूचे आकडे या दोन मापांत काही शे मीटरने सरकतात. आता कल्पना करा. कारकुनाने जीपीएसचे आकडे जुन्या नकाशावर तसेच उतरवले. सुरुंगाचे शेत नकाशावर चक्क शेजारच्या वाडीत गेले. आकडा अचूक, मोजणारा प्रामाणिक, आणि तरी रेघ चूक. म्हणून ‘कोणते माप वापरले’ ही रकाना भरायची साधी गोष्ट प्रशिक्षणात पुन्हापुन्हा घोटून घ्यावी लागते.

आधी कुणाचे शेत?

समजा, माहिती बरोबर आहे. तरी पुढचा प्रश्न उरतोच. पथके मोजकी, जमीन अफाट. आधी कुणाचे शेत?

१९९० च्या दशकात हे बहुतांशी सुरुंग काढणाऱ्या संस्थाच ठरवत. मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. जमीन साफ झाली की तिची किंमत वाढे आणि ती गरिबाच्या हातून निसटून वजनदार माणसाकडे जाई. कुठे लष्करी अधिकारी, कुठे पुढारी, कुठे व्यापारी. सुरुंग होते तोवर जमीन गरिबाची होती. सुरुंग गेले आणि जमीनही गेली! मदतीच्या पैशाने गरिबाला भूमिहीन करण्यासारखेच झाले हे.

यावर उपाय म्हणून १९९९ पासून बट्टंबाँग आणि बांतेय मीनचेय या प्रांतांत जमीन-वापर नियोजनाची छोटी पथके उभी राहिली. पुढे हीच पथके सुरुंगकार्य नियोजन पथके म्हणून बाधित प्रांतांत पसरली. ही माणसे प्रांताच्या प्रशासनातली असतात. सुरुंग काढायचे काम त्यांचे नाही. कुठे काढायचे आणि नंतर जमीन कुणाकडे राहील, हे बघायचे काम त्यांचे.

पद्धत साधारण अशी. गावाला ख्मेर भाषेत ‘फुम’ म्हणतात, काही गावांच्या गटाला ‘खुम’. खुमची परिषद आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपास जाणारी. २००२ पासून ती निवडून येते. दरवर्षी गावाच्या बैठकीत लोक सांगतात, कुठली जागा आधी हवी. शाळा, विहीर, रस्ता, शेत. खुम परिषद यादी करते. नियोजन पथक जागेवर जाऊन बघते की वापर कोण करणार, जमिनीवर वाद आहे का, अपघात किती झाले. मग तालुक्याच्या बैठकीत सुरुंग काढणाऱ्या संस्था आणि कारभारी समोरासमोर बसतात, प्रांताची समिती यादी मंजूर करते, आणि तीच पुढच्या वर्षाची कामे. सफाई झाल्यावर पथक पुन्हा जाते आणि पाहते की ज्याच्या नावाने जमीन साफ केली तोच ती कसतोय का.

मग प्रशिक्षण कशाचे?

स्थानिक प्रशासनाचे प्रशिक्षण म्हटले की डोळ्यांसमोर संगणकाचा वर्ग येतो. तो लागतोच. जीपीएस धरणे, नकाशा वाचणे, अर्ज भरणे. पण या अनुभवातून आम्हाला चार गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात.

एक, विचारायला शिकणे. ‘इथे सुरुंग आहेत का?’ या प्रश्नाला ‘आहेत’ हेच उत्तर येणार. ‘शेवटचे कोण आत गेले होते? कधी? कशासाठी? काय पाहिले?’ असे विचारले की पुरावा आणि ऐकीव गोष्ट वेगळी होते. आणि फक्त मुखियाला विचारून भागत नाही. सरपणाला जाणाऱ्या बाईला, गुरे राखणाऱ्या पोराला वेगळ्या वाटा माहीत असतात.

दोन, अपघाताची नोंद बारकाईने करणे. कंबोडियात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रेड क्रॉसच्या मदतीने गावोगावच्या अपघातांची नोंद ठेवली गेली. नुसते ‘एक जखमी’ असे नव्हे. वय काय, काय करत होता, धोका माहीत होता का, फलक होता का. यातून एक कडू गोष्ट बाहेर आली. अनेकांना जागा धोक्याची आहे हे ठाऊक होते. तरी ते गेले, कारण घरात खायला नव्हते. म्हणजे तिथे आणखी एक कवटीचा फलक लावून उपयोग नव्हता. तिथे आधी शेत मोकळे करायला हवे होते. पुढे आणखी एक बदल दिसला. भंगाराला भाव आला तेव्हा न फुटलेले बॉम्ब हाताळताना होणारे अपघात वाढले. दुखणे बदलले की औषध बदलायला हवे, आणि ते नोंदीतूनच कळते.

तीन, नाही म्हणता येणे. यादीत वजनदार माणसाचे शेत वर सरकवा असा दबाव आला तर पथकातल्या साध्या कर्मचाऱ्याकडे काय असते? लिहिलेले निकष, गावच्या बैठकीचे टिपण, लोकांच्या सह्या. कागद हीच त्याची ढाल. म्हणून निकष त्याला पाठ असून भागत नाही, ते गावालाही माहीत हवेत.

चार, नोंद शिळी होते हे ओळखणे. याचे उदाहरण ट्रॅक्टरचे. बैलांच्या नांगराने वर्षानुवर्षे कसलेली जमीन सगळ्यांनी सुरक्षित धरली. रणगाड्याविरुद्धचा सुरुंग खोल असतो आणि माणसाच्या किंवा बैलाच्या वजनाने सहसा फुटत नाही. मग ट्रॅक्टर आले, खोल नांगरणी आली, माणसांनी भरलेल्या ट्रॉल्या शेतवाटांवरून जाऊ लागल्या. आणि तीच जमीन फुटू लागली. एका स्फोटात अनेक माणसे जाऊ लागली. नकाशा बदलला नव्हता, शेती बदलली होती. ‘गावात ट्रॅक्टर आला’ ही सुरुंगाची बातमी आहे, हे राजधानीतल्या संगणकाला कळत नाही. खुमच्या कारकुनाला कळू शकते, पण त्याला कुणी तरी तसे शिकवायला हवे.

अडचणीही आहेत. शिकवलेला हुशार माणूस जास्त पगारावर दुसऱ्या संस्थेत जातो. निवडणूक झाली की परिषदेत नवे चेहरे येतात. म्हणून एकदाच मोठे शिबिर घेऊन समारोपाचे फोटो काढण्यापेक्षा दरवर्षी थोडे थोडे, कामाच्या जागीच शिकवलेले टिकते.

पैसा गेल्यावर

आज कंबोडियात वर्षाचे बळी शंभराच्या खाली आले आहेत. १९९६ चा आकडा आठवा, म्हणजे केवढे काम झाले ते कळेल. २०२५ पर्यंत देश सुरुंगमुक्त करायचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी जुलैमध्ये थायलंडच्या सीमेवर पुन्हा लढाई पेटली. म्हणजे सीमेलगतच्या नकाशांकडे पुन्हा नव्याने पाहावे लागणार.

कधी ना कधी परदेशी पैसा थांबेल, तज्ज्ञ परत जातील. पण त्यानंतरही वीस-तीस वर्षे कुणाच्या तरी विहिरीत, कुणाच्या तरी पायाखाली काहीतरी सापडत राहील. युरोपात महायुद्धांतले बॉम्ब आजही सापडतात. त्या दिवशी शेतकरी कुणाकडे जाईल? खुमच्या कचेरीत. तिथे नकाशा असेल, तो वाचता येणारा माणूस असेल, आणि कुणाला कळवायचे हे त्याला ठाऊक असेल, तर तीस वर्षांचे काम टिकले असे म्हणू. नसेल, तर शेतकऱ्याला पुन्हा स्वतःच कुदळ घ्यावी लागेल.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: उपग्रह आणि ड्रोनच्या काळात गावकऱ्यांना विचारत बसायची गरज उरते का?

आम्ही म्हणू, उरते. ड्रोनमधून खंदकांच्या जुन्या खुणा, बदललेली झाडी, न कसलेले तुकडे छान दिसतात. पण जमीन पडीक आहे ती सुरुंगामुळे, की मालक शहरात गेला म्हणून, की वाद कोर्टात आहे म्हणून? हे वरून दिसत नाही. ड्रोन प्रश्न चांगले सुचवतो. उत्तर गावात मिळते.

प्रश्न: भारताला यातून काय घेण्यासारखे?

भारत सुरुंगबंदीच्या ओटावा करारात सामील नाही, पण सुरुंगांच्या वापरावर बंधने घालणाऱ्या आणि त्यांच्या नोंदी ठेवायला लावणाऱ्या दुसऱ्या कराराचा सदस्य आहे. २००१-०२ मध्ये पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले, ते नियमित सैन्याने. कंबोडियाच्या गनिमी युद्धात पेरलेल्या, नोंद नसलेल्या जमिनीपेक्षा ही स्थिती वेगळी. तरी सीमेवरच्या शेतकऱ्याचे प्रश्न तेच असतात. माझे शेत केव्हा मोकळे होणार, मला कोण सांगणार, आणि सांगितलेले लेखी कुठे मिळणार? याची उत्तरे त्याला तालुक्याच्या कचेरीत मिळायला हवीत. कंबोडियाकडून आपण एवढे घेतले तरी खूप आहे.

वेळ संपली आहे. उरलेले प्रश्न लिहून पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला घेऊ.